सतराव्या दिवशी केस उपटले म्हणजे गाभण नव्हे: सशाच्या मादीतले हार्मोन, भरवण्यापासून दूध आटेपर्यंत

पाणवठा (धागाकर्ता)

ससेपालनाच्या चर्चेत एक प्रश्न फिरून फिरून येतो. मादी भरवली (नराकडे नेऊन समागम घडवला), सतराव्या-अठराव्या दिवशी तिने छातीचे केस उपटून घरटं केलं, आपण पेटी ठेवली, आणि पिल्लं आलीच नाहीत. मग मादीला वांझ ठरवून काढून टाकतात. खरं तर अशी मादी बहुतेक वेळा ठणठणीत असते, आपणच तिच्या अंगातलं कॅलेंडर चुकीचं वाचलेलं असतं. ते कॅलेंडर नीट मांडावं म्हणून हा धागा. भरवण्याचा दिवस सगळीकडे शून्य धरला आहे.

गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशाला नसतो. अंडाशयात बीजपुटिकांच्या (बीजांडं ज्यांत वाढतात त्या बारीक पिशव्यांच्या) तुकड्या एकामागून एक वाढतात आणि विरतात. त्यांच्यातून इस्ट्रोजेन येत राहतं, म्हणून मादी बरेच दिवस नर घेते. बीजांड मात्र आपोआप सुटत नाही. समागमाचा संकेत मेंदूला पोचला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे हार्मोन सुटतं, त्याच्या जोरावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तासा-दोन तासांत एलएच या बीजांड सोडवणाऱ्या हार्मोनचा मोठा लोंढा सोडते, आणि समागमानंतर १० ते १२ तासांनी बीजांडं बाहेर पडतात. १९३१ सालची फ्रीडमनची गर्भचाचणी याच गुणावर उभी होती. स्त्रीची लघवी सशिणीच्या कानाच्या शिरेत टोचायची आणि दोन दिवसांनी तिची अंडाशयं बघायची. नराशिवाय बीजांड सुटत नसल्यामुळे ते सुटलेलं दिसलं, तर कारण लघवीतलं हार्मोनच.

बीजांड सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो. न भरवलेल्या मादीच्या रक्तात ते मिलिलिटरला साधारण १-२ नॅनोग्रॅमच्या आत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चढतं आणि १२ ते १५ दिवसांच्या सुमारास १० नॅनोग्रॅमच्या वर जातं. तोवर गर्भ बीजनलिकेतून तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्भाशयात येतो आणि सातव्या दिवशी रुजतो.

आता मुख्य मुद्दा. पीतपिंड तयार व्हायला बीजांड सुटणं पुरतं, ते फळलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नराचं वीर्य उन्हाने नासलेलं असेल, किंवा एका पिंजऱ्यातल्या दोन माद्या एकमेकींवर चढल्या असतील, तरी पीतपिंड होतोच. अशा खोट्या गाभणपणात पहिले १०-१२ दिवस प्रोजेस्टेरॉन खऱ्या गाभणीइतकंच असतं. पुढे रिकाम्या गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा हे द्रव्य येतं आणि ते पीतपिंडाला मोडतं. १६ ते १८ दिवसांत प्रोजेस्टेरॉन तळाला जातं, प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं हार्मोन) चढतं, आणि मादी केस उपटून घरटं करते. गर्भ रुजलेले असतील तर वारेकडून येणाऱ्या संकेतांमुळे पीतपिंड तगतो आणि हीच उतरण एकतिसाव्या दिवसापर्यंत लांबते.

म्हणजे घरटं हे प्रोजेस्टेरॉन पडल्याचं लक्षण आहे, पोटात पिल्लं असल्याचं नाही.

कडबाकुट्टी

मांडणी आवडली. दोन शंका. सातव्या-आठव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून काही कळेल का? आणि बरेच जण सात दिवसांनी मादी पुन्हा नराकडे नेऊन बघतात, तिने नाकारलं तर गाभण धरतात. ते किती खरं?

पाणवठा

दोन्हींचं उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. आठव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन चढलेलं दिसलं तर एवढंच कळतं की बीजांड सुटलं होतं. तळाला असेल तर मात्र ती गाभण नाही हे नक्की, कारण सशात गाभणपण शेवटच्या दिवसापर्यंत अंडाशयाच्याच प्रोजेस्टेरॉनवर चालतं. अंडाशय काढलं की कोणत्याही दिवशी गर्भ पडतात. फ्रेंकेलने १९०३ मध्ये सशातच पीतपिंड नष्ट करून हे दाखवलं, आणि १९२९ मध्ये कॉर्नर आणि ॲलन यांनी पीतपिंडाच्या अर्काची परीक्षाही सशावरच घेतली. प्रोजेस्टेरॉनची ओळख पटली ती या प्राण्यामुळे.

नर दाखवण्याची पद्धत सोडून द्या. खोटी गाभणही नर नाकारते, आणि खरी गाभण कधी कधी घेते. शिवाय सातव्या दिवसाच्या झटापटीत नुकते रुजणारे गर्भ धोक्यात येतात.

सह्यकडा

ठरवायचं ते हाताने चाचपून, १२ ते १४ दिवसांच्या दरम्यान. पद्धत सविस्तर देतो, कारण चुका इथेच होतात.

मादी खडबडीत गोणपाट टाकलेल्या टेबलावर ठेवा, तोंड आपल्याकडे. पाय घसरले की ती पोट आवळते आणि मग काहीच लागत नाही. एका हाताने खांद्यावरची सैल कातडी धरा, कान धरून ओढू नका. दुसरा हात तळवा वर करून पोटाखालून मागे न्या, मागच्या पायांच्या किंचित पुढे, कटीच्या हाडाच्या अलीकडे. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. क्षणभर थांबा, तिचं पोट सैल पडू द्या. मग बोटं हलकेच जवळ आणून पुढे-मागे सरकवा. गर्भ असतील तर ओळीने मऊ, गुळगुळीत गाठी बोटांतून निसटतात. बाराव्या दिवशी त्या मोठ्या भिजल्या हरभऱ्याएवढ्या, चौदाव्या दिवशी गोटीएवढ्या लागतात.

लेंड्यांशी गल्लत होते. लेंड्या लहान आणि टणक असतात, मणक्याकडे वरच्या बाजूला लागतात आणि दाबल्या तरी निसटत नाहीत. मूत्रपिंडही वर आणि पुढे असतं, एकच आणि मोठं लागतं. गाठ चिमटीत धरून दाबायची नाही, गर्भ तिथेच मरतो. पंधराव्या दिवसानंतर गाठी मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, नवख्याला ओळखू येत नाहीत.

चौदाव्या दिवशी पोट रिकामं लागलं तर लगेच नराकडे नेऊ नका, प्रोजेस्टेरॉन अजून उतरायचं असतं. १८ दिवस पुरे होऊ द्या, केस उपटले तर उपटू द्या, आणि त्यानंतर भरवा. त्या वेळी मादी नर चटकन घेते आणि गाभणही चांगली राहते. बाजारातून आणलेल्या, एकत्र ठेवलेल्या माद्याही भरवण्याआधी १८ दिवस एकेकट्या पिंजऱ्यात ठेवण्याचं कारण हेच.

भुईकमळ

घरट्याबद्दल थोडं जास्त लिहिते, तो या विषयातला सगळ्यात देखणा भाग आहे.

केस उपटणं ही शेवटची पायरी. त्याआधी दोन पायऱ्या असतात आणि तिन्हींचे हार्मोन वेगळे. गाभणपणाच्या मधल्या दिवसांत, इस्ट्रोजेन आणि चढतं प्रोजेस्टेरॉन एकत्र असताना मादी उकरते. पिंजऱ्यात माती नसते, म्हणून ती पेटीचा तळ नाहीतर खाद्याचं भांडं खरवडते. प्रोजेस्टेरॉन उतरू लागलं की उकरणं थांबतं आणि ती तोंडात गवत भरून नेऊ लागते. प्रोजेस्टेरॉन पडलेलं आणि प्रोलॅक्टिन चढलेलं असताना केस निघतात. झारो यांनी १९६०च्या दशकात आणि पुढे मेक्सिकोतल्या त्लास्काला इथे गोन्झालेझ-मारिस्काल यांनी हा क्रम उलगडला. ब्रोमोक्रिप्टीन हे औषध देऊन प्रोलॅक्टिन दाबलं तर घरटं होत नाही किंवा अर्धवट राहतं.

मादी तोंडात आडवं गवत धरून पिंजऱ्यात फिरताना दिसली की पेटी त्याच क्षणी आत हवी. एरवी अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवा. आधी ठेवलेल्या पेटीत ती लेंड्या आणि लघवी करते, घरटं ओलं होतं आणि पिल्लं गारठतात. साधारण ४५ × ३० × ३० सेंटीमीटरची लाकडी पेटी, पुढची बाजू १५ सेंटीमीटर उंच, तळाला निचऱ्याची भोकं, वर भाताचा मऊ पेंढा किंवा वाळलं गवत. लाकडाचा बारीक भुसा नको, पिल्लांच्या नाकात जातो.

छातीचे केस सैल झालेले असतात, उपटताना तिला इजा होत नाही. त्यामुळे सडही मोकळे होतात. पहिलटकरीण केस न उपटता व्याली, तर तिच्या पोटावरचे सैल केस आपणच चिमटीने काढून पिल्लांवर घालावेत. सहज निघतात. ओढावे लागले तर थांबा.

रानवाटाड्या

एक व्यवहारातला प्रश्न. ३२ दिवस झाले आणि मादी व्याली नाही तर काय? आणि व्याल्यावर दूध कमी वाटलं तर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्या असा सल्ला सर्रास मिळतो. द्यावं का?

सह्यकडा

दूध वाढवायला ऑक्सिटोसिन देऊ नका. हा गैरसमज गोठ्यातून ससेपालनात आला आहे.

दूध बनवणं आणि पान्हा सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बनवतं प्रोलॅक्टिन, तेही प्रोजेस्टेरॉनचा अडसर दूर झाल्यावर. १९२८ मध्ये स्ट्रासबुर्गला स्ट्रिकर आणि ग्र्यूटर यांनी पिट्युटरीचा अर्क खोट्या गाभण सशिणींना टोचून दूध आणलं, प्रोलॅक्टिनचा शोध तिथला. ऑक्सिटोसिन फक्त कासेतल्या दूधपिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून तयार दूध बाहेर ढकलतं. कास रिकामी असेल तर ते ढकलणार काय?

मुदतीचं बोलायचं तर बहुतेक माद्या ३० ते ३२ दिवसांत वितात. पोटात दोन-तीनच पिल्लं असली की मुदत लांबते, पिल्लं मोठी होतात आणि अडतात. बत्तिसावा दिवस उलटला की पशुवैद्याला दाखवायचं. ते आधी पिल्लू जननमार्गात आडवं नाही ना हे बघतात, गरज असेल तर कॅल्शियम देतात, आणि मगच ऑक्सिटोसिन, सशाला साधारण १ ते ३ युनिट. पिल्लू अडलेलं असताना किंवा गर्भाशयाचं मुख उघडलेलं नसताना टोचलं तर गर्भाशय फाटतं. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याचं नाहीच.

भुईकमळ

दूध कमी आहे हे ठरवतो कशावरून, तेही बघायला हवं. मादी दिवसभर पेटीकडे फिरकत नाही म्हणून ती पिल्लांना पाजतच नाही असं ठरवून लोक बाटलीने दूध घालतात आणि पिल्लं मरतात. सशीण २४ तासांत एकदाच पाजते, तेही तीन ते पाच मिनिटं. पेटीत उडी मारते, पिल्लांवर कमान करून उभी राहते, पिल्लं उताणी होऊन सड धरतात आणि वीस-वीस सेकंदांनी सड बदलत राहतात. ऑक्सिटोसिनचा एकच झटका येतो आणि सगळं दूध तेवढ्यात उतरतं. जाताना ती घरट्यात चार लेंड्या टाकून जाते.

आंधळ्या पिल्लांना इतक्या झटपट सड सापडतो तो वासाने. सशिणीच्या दुधातला २-मिथिल-ब्यूट-२-इनाल हा पदार्थ २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ओळखला. त्या वासावर पिल्लू डोकं हलवत सड शोधून पकडतं. म्हणून पहिल्या दिवसांत मादीचं पोट डेटॉल-फिनेलने पुसू नये.

खात्री करायची तर सकाळी पिल्लू हातात घेऊन उलटं करा. प्यालेल्या पिल्लाचं पोट ताणलेलं, गोल असतं, आणि पातळ कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. न प्यालेल्याची कातडी सुरकुतलेली असते, ते सारखं वळवळतं, आणि हात लावला की तोंड वर करून उसळतं. रोज सकाळी त्याच वेळी वजन घ्या, आकडा बोलतो.

आणि गाईचं दूध पाजू नका. सशिणीच्या दुधात स्निग्धांश साधारण १२-१३ टक्के, प्रथिनं १०-१२ टक्के आणि लॅक्टोज २ टक्क्यांच्या आसपास असतं. गाईच्या दुधात साखर जास्त, बाकी सगळं कमी. अनाथ पिल्लं दुसऱ्या सशिणीखाली घालणं हाच खरा उपाय, दोन्हींच्या वयात तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नको.

कडबाकुट्टी

छान. आता पुढचा पेच. व्याल्यावर लगेच मादी नर घेते, पण आठवड्याने नेली तर चावायला धावते. मग पुन्हा भरवायची कधी?

पाणवठा

विताच प्रोजेस्टेरॉन तळाला आणि इस्ट्रोजेन वर असतं, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत मादी नर घेते आणि राहतेही. रानटी सशांचं हेच चालतं, एक वेत अंगावर आणि दुसरं पोटात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रोलॅक्टिनचा अंमल बसतो. ते जीएनआरएच आणि एलएच दाबतं, अंडाशयाचीही एलएचला दाद कमी होते, बीजपुटिका लहान राहतात, इस्ट्रोजेन घटतं. त्यात भर पोटाची. दूध अठराव्या ते एकविसाव्या दिवशी सर्वांत जास्त असतं, चांगल्या मांसल जातीत दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम. तेवढं दूध देणारी मादी खाल्लेलं सगळं कासेत घालते, अंगावरची चरबीही उतरवते, आणि इन्शुलिन आणि लेप्टिन (चरबीचा साठा कळवणारं हार्मोन) खाली गेल्याचा निरोप मेंदूला पोचला की पुनरुत्पादन मागे पडतं.

विताच लगेच भरवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दुसरं गाभणपण वाढू लागलं की दूध विसाव्या दिवसाच्या पुढे झपाट्याने आटतं, पहिल्या वेताची पिल्लं कमी वजनाची राहतात, मादी खंगते, आणि दोन-तीन वेतांत बाद होते. व्यावसायिक शेडमध्ये अकराव्या दिवसाच्या आसपास भरवतात. आपल्याकडच्या उन्हात आणि चाऱ्यावर पिल्लं दुधावरून तोडल्यावर, म्हणजे पाचव्या आठवड्यानंतर भरवणं मादीला झेपतं.

अकराव्या दिवशीच भरवायचं असेल तर औषधाविना एक उपाय आहे. भरवण्याआधी एक दिवस पेटीचं दार बंद ठेवायचं, म्हणजे एक पाजणं चुकतं. सड ओढले गेले नाहीत की प्रोलॅक्टिन पडतं, इस्ट्रोजेन वर येतं. दुसऱ्या दिवशी दार उघडून पिल्लं पाजून घ्यायची आणि लगेच मादी नराकडे न्यायची. पिल्लं दहा दिवसांच्या आतली असतील तर हे करू नका.

मादी तयार आहे का ते योनीमुखाच्या रंगावरून बघा. फिकट पांढरं असेल तर परत पिंजऱ्यात, लाल आणि ओलसर असेल तर न्या, जांभळट झालं की वेळ सरत आली. दिवसाला १४ ते १६ तास उजेड मिळाला की रंग लवकर येतो.

प्रयोगमूषक

प्रयोगशाळेच्या बाजूने भर घालतो, कारण सशाचे नियम उंदराला लावले की नोंदी कोलमडतात.

प्रयोगशाळेतल्या उंदीर-घुशीत (माउस आणि रॅट) बीजांड चार-पाच दिवसांच्या चक्राने आपोआप सुटतं, नर असो वा नसो. समागमाचं काम वेगळं आहे: गर्भाशयमुखाला मिळालेल्या उत्तेजनामुळे प्रोलॅक्टिनच्या रोज दोन लाटा सुरू होतात, एक पहाटे आणि एक संध्याकाळी, आणि त्या पीतपिंडाला जगवतात. पांढऱ्या घुशीत साधारण दहाव्या दिवसानंतर हे काम वारेतलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे हार्मोन हाती घेतं. सशात पीतपिंडाला जगवतं ते इस्ट्रोजेन, हा मूळ फरक.

नसबंदी केलेल्या नराशी मिलन घडवून घुशीत १२-१४ दिवसांचं, उंदरात १०-१२ दिवसांचं खोटं गाभणपण आणता येतं. गर्भ बसवण्यासाठी माद्या अशाच तयार करतात. सकाळी योनीत पांढरा बूच (समागमानंतर घट्ट झालेलं वीर्य) दिसला की तो दिवस अर्धा धरायचा.

नोंदी चुकतात त्या वेताला लागून राहिलेल्या गाभणपणात. व्याल्यावर २४ तासांच्या आत मादी पुन्हा राहते, पण अंगावर पिल्लं पीत असतील तर इस्ट्रोजेन पुरेसं नसल्यामुळे गर्भ गर्भाशयात न रुजता निद्रिस्त पडून राहतात. पिल्लं जितकी जास्त, तितका उशीर, आठवडाभरही. उंदराची १९-२१ दिवसांची मुदत मग २७-२८ वर जाते. दिवस भरले म्हणून मादी कापणाऱ्या विद्यार्थ्याला अर्धवट गर्भ मिळतात.

आणखी एक: नुकत्याच भरवलेल्या उंदरिणीच्या पिंजऱ्यात अनोळखी नराचा भुसा टाकू नका. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये दाखवलं की परक्या नराच्या वासानेच गर्भ रुजायचे राहतात, कारण त्या वासाने प्रोलॅक्टिन दबतं.

रानवाटाड्या

गिनीपिगचं कोणी लिहील का? घरोघरी पाळतात आणि बाळंतपणात मरतात.

प्रयोगमूषक

गिनीपिगचं गाभणपण ५९ ते ७२ दिवसांचं. पहिल्या तीन-चार आठवड्यांनंतर प्रोजेस्टेरॉन वारेतून येतं, त्यामुळे अंडाशय काढलं तरी गर्भ टिकतात. माणसासारखंच, विण्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पडत नाही, प्रोजेस्टेरॉन ओळखणाऱ्या पेशींतल्या ग्राहकांची दाद कमी होते. म्हणून सशासारखं घरटं नाही, आगाऊ खूण नाही.

मरण्याचं कारण हाडाचं आहे. पिल्लं केसाळ, डोळे उघडे, दात आलेली, म्हणजे मोठी असतात. ती बाहेर यावीत म्हणून रिलॅक्सिन जघनास्थीचा सांधा सैल करतं. १९२६ मध्ये हिसॉ यांनी हे हार्मोन ओळखलं ते गिनीपिगच्याच सांध्यावरून. विण्याआधी आठवडाभर त्या सांध्यावर बोट ठेवलं तर फट लागते. ती बोटभर झाली की दोनेक दिवसांत विते. मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल तर सांधा घट्ट होऊन बसतो आणि पिल्लू अडतं. म्हणून एक तर चार ते सहा महिन्यांच्या वयात भरवा, नाहीतर कधीच नको. आणि विण्याच्या आधी नर वेगळा काढा, ती काही तासांतच पुन्हा राहते.

कडबाकुट्टी

शेवटचं विचारतो. पिल्लं तोडल्यावर सशिणीची कास दगडासारखी होते, पान्हा थांबवायला काय करावं?

सह्यकडा

पिल्लं एकदम तोडू नका. मोठी आधी काढा, लहान दोन दिवस राहू द्या. तोडण्याच्या आदल्या दिवसापासून खुराक निम्मा करा, वाळलं गवत भरपूर, पाणी मात्र तोडू नका. सड ओढले गेले नाहीत की प्रोलॅक्टिन रोखणाऱ्या डोपामिनचा लगाम परत बसतो, प्रोलॅक्टिन उतरतं, तीन-चार दिवसांत कास सैल पडते. हाताने पिळून मोकळी करत राहिलात तर तोच पाजण्याचा संकेत मिळून दूध येत राहतं. एखादा भाग गरम, लाल-निळसर लागला किंवा मादीने खाणं सोडलं तर ती कासेची सूज आहे. त्याच दिवशी डॉक्टर. सशाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, आतड्यातले उपयोगी जंतू मरून जुलाबाने मादी जाते.